दुसुतीचं कव्हर

आमच्या टीव्हीला एकच रोग होता. लावल्यावर अर्धा-पाऊण तास झकास चालायचा आणि मग पडदा काळा. आवाज चालू, चित्र गायब. बंद करून तासाभरानं लावला की पुन्हा शहाण्यासारखा दिसायचा.

रत्नागिरीत तेव्हा टीव्ही दुरुस्त करणारे मोजकेच. आमच्या वाट्याला आलेला मेकॅनिक तीनदा आला. मागचं झाकण उघडायचा, दहा मिनिटं चालवून बघायचा, चित्र ठणठणीत. "ताई, सेटला काही झालेलं नाही. खाऱ्या वाऱ्यानं अँटेना गेलाय."

मी म्हटलं, "मग पहिला अर्धा तास कसा दिसतो?"

"बायकांना त्यातलं कळायचं नाही," म्हणाला आणि आईनं केलेला चहा पिऊन गेला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. अँटेनाची वायर बदलली, अंगणातला बांबू फिरवून फिरवून हाताला फोड आले. पडदा काळा तो काळाच.

एवढी घाई होती कारण धाकट्या बहिणीचं पत्र आलं होतं. मुंबईला दिलेली, दोन वर्षांत सासरच्यांनी एकदाही माहेरी धाडली नव्हती. तिचं भजनी मंडळ रविवारी टीव्हीवर येणार होतं, आणि एक भजन ती एकटी म्हणणार होती. पत्रात नेहमीसारखंच, मी खुशाल आहे. आईचा त्या खुशालीवर काडीचा विश्वास नव्हता. "बारीक झालीय काय, तेवढं मला बघूं दे," एवढंच तिचं चाललेलं.

रविवारी आईनं टीव्हीचं दुसुतीचं कव्हर धुऊन, खळ घालून चढवलं. जाड कापड, वर तिनंच भरलेले मोर. पुढची बाजू वर उचलली, मागची तशीच लोंबत. चुकायला नको म्हणून मी दहा मिनिटं आधीच टीव्ही लावून ठेवला, पण मंडळातल्या बाकीच्यांची भजनंच अर्धा तास लांबली.

बहिणीचं नाव पुकारलं आणि पडदा काळा झाला.

भजन सुरू झालं. आवाज तिचाच. आई उठून पडद्याला नाक लावून उभी राहिली, जवळून दिसेल म्हणून. मी संतापून टीव्हीच्या डोक्यावर थापटी मारली आणि हात भाजला. कव्हर ओढून काढलं. मागची हवेची भोकं तव्यासारखी तापलेली. तो निवून चित्र येईपर्यंत एक गृहस्थ भाताला खत कसं द्यावं ते सांगत होते.

मेकॅनिक यायचा तेव्हा आई आधी कव्हर काढून घडी करून ठेवायची. म्हणून कव्हर त्याच्या नजरेस कधी पडलंच नाही.

"तुझ्या या मोरांपायी गेलं सगळं!" मी आईवर ओरडले. शेजारी ऐकू गेलं असेल.

आईनं कव्हर उचललं, घडी घातली. "त्या मेस्त्र्याला नाय कळलं, तर मला गो कसं कळणार?" म्हणाली. आणि मग हळूच, "आवाज दमल्यासारखा वाटला काय गो तिचा?"

मी तो नीट ऐकलाच नव्हता. मी टीव्हीला मारण्यात गुंतले होते. त्या मेकॅनिकला मात्र तिन्ही वेळा, आवाज न चढवता, मी फाटकापर्यंत पोचवायला गेले होते.