शनिवारच्या बाई

मालवणच्या बाजारात माझा सायबर कॅफे होता, तेव्हा दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक बाई यायच्या. किनाऱ्यावरच्या कुठल्याशा शाळेत ग्रंथपाल होत्या. नाव मी कधी विचारलं नाही. मासळीची पिशवी दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायच्या, पदराने चष्मा पुसायच्या आणि मुलांना वाचायला लावायच्या युक्त्या इंटरनेटवर शोधत बसायच्या.

एकदा परदेशातल्या एका शिक्षिकेची युक्ती सापडली: पुस्तकं कागदात गुंडाळा आणि मुलांना न बघता निवडू द्या. पुढच्या शनिवारी बाई हसतच आल्या. "पोरांनी बांगडे दाबून बघतत तशी पुस्तकां दाबून घेतल्यानी रे! कपाट रिकामा झाला!"

मग त्याच पानाखाली एका बोटाने इंग्रजीत लिहू लागल्या: आमच्याकडे जाळी शिवणाऱ्यांचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे. मुलं त्यांना पुस्तक वाचून दाखवतात.

बाहेर त्यांच्या एसटीने हॉर्न दिला. मी म्हटलं, "बाई, गाडी जाईल. फुकट मिळालेल्या युक्तीला उत्तर कशाला?"

"शेजाऱ्याचा भांडा रिकामा परत धाडतस काय रे?" म्हणाल्या, आणि गाडी जाऊ दिली.

काही दिवसांनी त्या शिक्षिकेचं उत्तर आलं. तिच्याकडची मुलं आता लोकर विणणाऱ्या आज्यांना वाचून दाखवत होती, आणि सोबत तिने नवी युक्तीही पाठवली होती.

"बग, भांडा भरान परत इला," म्हणत बाईंनी पुन्हा कीबोर्डावर बोट ठेवलं.

बाहेर एसटीने हॉर्न दिला. मी दारातूनच ड्रायव्हरला पुढे जायची खूण केली.