सुरूच्या मुळांतले घरजावई

मी घरजावई. मिठबावला सासऱ्यांच्या घरात राहतो, त्यांचंच खातो, आणि वर त्यांनाच सल्ले देतो. शाळेशी माझं कधी जमलं नाही, त्यामुळे मला सगळंच कळतं.

खारा वारा सासऱ्यांची माडाची रोपं करपवत होता. माड गेले तर त्यांची सगळी मेहनत रेतीत. म्हणून आडोशाला सुरूची झाडं लावायचं ठरलं. रोपांच्या पिशव्या फाडल्या तर सुरूच्या मुळांना गाठी, चामखिळीसारख्या! वांग्याच्या मुळांवर गाठींचा रोग येतो, हे मी मोबाईलवर नुकतंच बघितलेलं. झालं, मी डॉक्टर. कोयतीनं गाठी खरवडल्या, मुळं बादलीत खळखळून धुतली.

"रोग लागलेलो," सासऱ्यांना म्हटलं, "मुळासकट काढलंय."

सासूबाईंनी थोडी रोपं माझ्या हातातून ओढून घेतली. "चुलीर भात आसा. तुमचा ऑपरेशन बघूक माका येळ नाय." आणि गाठींसकट तशीच लावून टाकली.

त्यांची रोपं तरारली. माझी पिवळी. मी जागेला दोष दिला. तीच रेती, तीच ओळ, पण माझ्या तोंडाला कोण आवरणार?

शेवटी शेतकी साहेब आले. "या गाठींत जिवाणू राहतात," ते म्हणाले. "हवेतला नत्र घेऊन झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. म्हणून तर सुरू अशा निकस रेतीत जगतो. गाठी कापल्या कोणी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी समुद्राकडे.

साहेब गेल्यावर सासरे म्हणाले, "म्हंजे ते जिवाणूय घरजावयच. पण कमावते."

साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी किनाऱ्यावरच्या जुन्या सुरूंखालची माती, गाठींसकट, टोपल्यांनी वाहून आणली आणि नव्या गाठी धराव्यात म्हणून माझ्या रोपांच्या मुळाशी घातली. वाटेत शेजारीण ओरडली, "पावण्यानू, आज चक्क काम?"

काही रोपं मेलीच. बाकीची पावसाळा सरता सरता शेंड्याला हिरवी झाली, आणि वाढली. दोन वर्षांत सुरूंचा आडोसा झाला, आणि माडांची नवी पाती न करपता उलगडली.

एका रात्री जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "पावण्यानू, गाठींका हाकललात तर झाडा सुकली. तुमका हाकललंय तर काय सुकतला?"

चुलीपासून बायको म्हणाली, "टोपातलो भात."

तो सुकू नये म्हणून मी ताट पुढे केलं.