हात मांडीखाली

ताई वर्गात शिरायची ती नाटकातल्या नायिकेसारखी. आधी आवाज, मागून चपलांचा फटफटाट, मग ताई. तिची बालवाडी म्हणजे दुकानांमागची एक लांबट खोली, पण तिथली चार-चार वर्षांची पोरं तिच्यावर जीव टाकायची.

त्या वर्षी चिमणी आली. जन्मापासून तिचे हातपाय ताठ. हात निघायचा एकीकडे, पोचायचा भलतीकडेच. मुख्याध्यापिकेनं, म्हणजे मोठ्या बाईंनी, तिला घेतलं ते अट घालून.

"सहामाही संपेपर्यंत तिनं आपलं आपण खायला हवं. भरवायला माझ्याकडे माणूस नाही. नाहीतर तिला ठेवता येणार नाही."

"खाईल की," ताई म्हणाली. आणि लगेच हजेरीत चिमणीचं नाव चढवलं.

चिमणी बघता बघता वर्गाची लाडकी झाली. कोणी तिचे बूट काढी, कोणी नाक पुशी. डब्याच्या वेळी तर तिला भरवायला रांग लागे आणि चिमणी राणीसारखी तोंड उघडून बसे. "बघा माझी पोरं," ताई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

एकदा चिमणीची आई लवकर न्यायला आली आणि दारातच थबकली.

"ताई, घरी ही चमचा ओठांपर्यंत न्यायची हो. इथं आल्यापासून हात उचलणंच सोडलंय. माया जरा कमी करा."

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. सहामाही तर संपत आली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं चमच्याच्या दांड्यावर सायकलची जुनी रबरी मूठ चढवली आणि वर्गाला फर्मान सोडलं, "चिमणी जेवत असताना सगळ्यांचे हात मांडीखाली. माझेसुद्धा."

बटाट्याचा लगदा कानात गेला, शेजारणीच्या केसांत गेला. गुंडू तर रडकुंडीला आला. "ताई, माझा हात आपोआप जातो."

"मग त्याच्यावर आणखी जोरात बस."

शेवटच्या दिवशी मोठ्या बाई आल्या आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीत कशाबशा मावल्या. पडदा उघडण्याआधी असते तशी शांतता. चमचा उठला, थरथरला, कानाकडे वळला. मोठ्या बाईंचा हात नकळत पुढे झाला.

"बाई," चिमणी एकेक शब्द ओढत म्हणाली, "हात... मांडीखाली."

सगळा वर्ग मोठ्या बाईंकडे बघू लागला. त्या निमूटपणे हातांवर बसल्या. चमचा परत फिरला, हनुवटीला थडकला आणि तोंडात गेला.

टाळ्या वाजवणार कोण? हात तर मांडीखाली. मग गुंडूनं पाय आपटले आणि पाठोपाठ सगळी खोली दणाणली. ताईनं आयुष्यात मिळवलेली ती सर्वांत मोठी दाद.

"आता काढू का गं हात?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"अजून उरलाय," चिमणी म्हणाली.

तिला काढायचा विषय तिथंच संपला. पुढच्या वर्षी एक मुलगा आला. त्याला चमचा धरणं कधीच जमणार नव्हतं. त्याला कोणी अट घातली नाही. मोठ्या बाई स्वतःच त्याला भरवायला बसतात, आणि घास मोठा झाला की चिमणी त्यांना दटावते.