लाल पडद्यातले हात

माझी लेक कॉम्प्युटर शिकली तेव्हा मला वाटलं होतं, बँकेत लागेल. ती लागली एका छोट्या ऑफिसात. तिथे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरतात आणि खेळ सोडून बाकी सगळं बनवतात. दवाखान्यात आग लागली तर पेशंट कसे बाहेर काढायचे, ते पडद्यावर. क्रेन कशी चालवायची, तेही पडद्यावर. मी भाकरी थापत होते, ती शेजारी बसून समजावत होती. मी चौथी शिकलेली. मला एवढं कळलं की त्या खोट्या जागेत माणूस चुकला तरी खरं कुणाला काही होत नाही.

मग त्यांच्याकडे मागाचं काम आलं. कारखान्यात नवीन येणाऱ्या कामगारांना टॉवेलचा माग शिकवायचा, पण आधी पडद्यावर. कारण नवीन माणसाचाच हात जास्त अडकतो.

माझे मिस्टर त्याच कारखान्यात सत्तावीस वर्षं माग चालवत होते. लेक त्यांना अप्पा म्हणायची, मग कारखाना आणि गल्लीही अप्पाच म्हणायला लागली. मीही इथे तेच लिहिते. लेकीने विचारलं तेव्हा ते हसले.

"आता माझा खेळ करतीस व्हय?"

"खेळ नाही अप्पा. तुमचे हात जसे चालतात तसेच कॉम्प्युटरमध्ये घ्यायचेत."

ते डबा उचलून कामावर गेले. दुसऱ्या दिवशी चहा देताना मीच म्हणाले, "जावा की. दुसऱ्या कुणाचं हात घेण्यापरीस तुमचं बरं. पोरीला साहेबासमोर तेवढंच."

मी सहसा असं कुणाला काही सांगायला जात नाही. तेव्हा गेले.

सुट्टीच्या दिवशी कारखाना उघडला. लेक, तिचे सर आणि कॅमेरे घेतलेली दोन माणसं. मी डबा घेऊन गेले आणि दारातच उभी राहिले. अप्पांनी हात साबणाने दोनदा धुतले होते. कॅमेऱ्याला बोटं ओळखता यावीत म्हणून लेकीने त्यांच्या बोटांवर पांढऱ्या टिकल्या चिकटवल्या. ते म्हणाले, "हळदीला बसवलंय जणू." मग त्यांनी नेहमीसारखा मागाला हात लावून कपाळाला लावला आणि माग सुरू केला.

दारात उभं राहून मी पहिल्यांदाच त्यांचं काम एवढं निवांत बघितलं. एक तार, म्हणजे उभा धागा, तुटली. माग थांबवला नाही. धडाधड चालत्या मागात दोन बोटं घातली, गाठ मारली, बोटं बाहेर. कधी गेली आणि कधी आली ते कळलंही नाही. आडवं सूत नेणाऱ्या लाकडी धोट्यात सुताची नवीन कांडी घातली, धोट्याच्या भोकाला तोंड लावलं आणि एका श्वासात सूत ओढून घेतलं. गाठ मारून झाली की अंगठा पहिल्या बोटावर घासायची त्यांची सवय होती, चिमूटभर मीठ टाकावं तशी. तेही त्यात आलं.

सर म्हणाले, "अप्पा, कमाल आहे." अप्पा त्या दिवशी गल्लीत प्रत्येकाला सांगत होते, माझं हात कॉम्प्युटरात गेल्यात.

महिनाभराने लेक स्वयंपाकघरात आली आणि माझ्या पाठीशी उभी राहिली. तिला माझ्या तोंडाकडे बघून बोलायचं नव्हतं.

"आई, ते चालू मागात हात घालतात ना, ते चुकीचं धरलंय. आणि तोंडाने सूत ओढणंही. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यानेच कापसाचा भुगा छातीत जातो. आधी माग थांबवायचा, मग हात. मी अप्पांना म्हणाले, बरोबर पद्धतीने एकदा करून दाखवा. तर म्हणाले, थांबवून काय कुणीबी करंल. म्हणून त्यांचे हात आता चूक दाखवायला वापरलेत. मला सांगायचं धाडस होत नाही. तू सांगशील?"

मी म्हणाले, "सांगते."

त्या दिवशी सांगणार होते. ते जेवून उठले. दुसऱ्या दिवशी सांगणार होते, त्यांना खोकल्याची उबळ आली. मग ते दुकानातून नवा शर्ट घेऊन आले, लेकीचं काम कारखान्यात सगळ्यांना दाखवायच्या कार्यक्रमाला घालायला. मी तो शर्ट खुंटीला लावला. लेकीने विचारलं, सांगितलंस ना. मी मान हलवली. तिला ते होय वाटलं.

कार्यक्रम कारखान्याच्याच आवारात होता. मोठा पडदा, खुर्च्या, नवीन पोरं, जुने कामगार. अप्पांना पुढच्या रांगेत बसवलं. एका नवीन मुलीच्या डोळ्यांवर डब्यासारखा चष्मा चढवला. तिला जे दिसत होतं ते आम्हाला पडद्यावर दिसत होतं. माग हुबेहूब. आवाजही तोच. तार तुटली. त्या मुलीने न थांबवता हात घातला, आणि पडद्यावर अप्पांचे हात आले. डाव्या करंगळीचं वाकडं पेरसुद्धा. अप्पा खुर्चीत पुढे सरकले.

तेवढ्यात सगळं लाल झालं. भोंगा वाजला आणि पडद्यातली बाई बोलली, "ही पद्धत धोकादायक आहे. असे करू नका."

पोरं हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "अप्पा, तुमी तर नापास की."

दुसरा म्हणाला, "सत्तावीस वर्षं एकाच वर्गात."

अप्पाही हसले. सगळ्यांत शेवटपर्यंत हसत राहिले ते मला बघवलं नाही.

घरी येऊन त्यांनी शर्ट काढला, घडी घातली. लेक म्हणाली, "अप्पा, आईने तुम्हाला..." आणि माझ्याकडे बघून गप्प झाली. तिला तिथेच कळलं. तिने मला पाठीशी घातलं. मीच सांगायला हवं होतं, असं म्हणून सगळं स्वतःवर घेतलं.

अप्पा तिला एवढंच म्हणाले, "वाईट दाखवायला बापाचंच हात सापडलं व्हय तुला?"

त्यानंतर ते तिच्याशी बोलायचे, पण पाणी दे, दार लाव, इतकंच. मी रोज ठरवायचे, आज सांगू की पोरीचा दोष नाही, तिने मला सांगून ठेवलं होतं, मीच बोलले नाही. ताट वाढायचे, शेजारी बसायचे आणि उठायचे. त्यांची छाती मग भुग्याने भरत गेली, दम लागायला लागला. दवाखान्यात नळ्या लागल्या, त्यांना बोलता येईना. तेव्हा मी त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. त्यांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. त्यांचा हात माझ्या हातात होता, त्याने काही खूण केली नाही.

तेराव्याला कारखान्यातला एकजण जेवायला आला होता. नापास म्हणणारा तोच असावा. हात धुताना म्हणाला, "वहिनी, त्या दिवसापासनं अप्पा माग थांबवूनच गाठ मारायचे बघा. आमी लई चिडवायचो. ते म्हणायचे, पोरीनं बनवलंय, बरोबरच आसंल."

लेक मागच्या दाराशी भांडी घासत होती. तिने नळ बंद केला. मग परत सुरू केला.

त्या थांबवून मारलेल्या गाठी कुठल्या कॅमेऱ्यात नाहीत.

मध्यंतरी तिने तो चष्मा आणि लॅपटॉप घरी आणला. मला पलंगावर बसवून चष्मा घातला. माग सुरू झाला, तार तुटली. तिने सांगितलं तसं मी आधी माग थांबवला आणि मग हात पुढे केला. गाठ मारायला जे हात आले ते गुळगुळीत, कुणाचेच नसलेले, कॉम्प्युटरने केलेले. हिरवा उजेड झाला, बाई म्हणाली शाबास.

"परत लाव," मी म्हणाले.

या वेळी मी माग थांबवला नाही. चालू मागात सरळ हात घातला. ते आले. वाकडी करंगळी, दोन बोटं, गाठ, आणि शेवटी तो अंगठा बोटावर घासला. मग सगळं लाल झालं, बाई नको नको म्हणायला लागली.

लेकीने मला का ते विचारलं नाही. तिने परत लावलं.