पाच मिलीची सिरिंज

चार वर्षं हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. गेल्या रविवारी सकाळी आबांना सांगितलं, त्याच संध्याकाळी मेधाला. तुम्ही तिसरे. पण त्या दोघांना मी घाईत सांगितलं — चार-पाच वाक्यांत, घशात अडकलेलं एकदाचं बाहेर काढावं तसं. सगळं, क्रमानं, एकही आकडा न गाळता, आजच सांगतो आहे.

मेधा माझी बायको. आबा तिचे वडील. सासूबाई गेल्यापासून ते फरिदाबादला आमच्याकडेच असतात. मूळचे नगरचे, सरकारी वर्कशॉपमध्ये फोरमन म्हणून निवृत्त झालेले. मेधा गेले पाच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. दूध आणा, गीझर बंद करा. ते योग्यच आहे. आणि तरीही मला हलकं वाटतं आहे — लाज वाटावी इतकं हलकं. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझी कीव करणार नाही.

आता बोट. फरिदाबादमध्ये आणि बोट? हसा, आमची सगळी गल्ली हसली होती. एका कबाडीवाल्याच्या मागच्या वाड्यात ती उपडी पडलेली होती. चौदा फुटी, फायबरग्लासची, सत्तरच्या दशकातली मोटरबोट. खाली कुत्रीनं पिल्लं घातली होती. बडखलचा तलाव आटल्यावर तिथून आलेली असावी, असं कबाडीवाला म्हणाला. मी खात्री केलेली नाही. टेम्पोतून ती पोर्चमध्ये उतरवली तेव्हा समोरचे खुराना गच्चीवरून ओरडले, "कर्णिकजी, बाढ़ आने वाली है क्या?"

खरं सांगायचं तर बोट मी आबांसाठी आणली. निदान मी तसं सर्वांना सांगितलं. सासूबाई गेल्यावर ते नुसते बसून असत, आणि हातात काम दिलं की माणूस उभा राहतो, हे मला दिसत होतं. पहिल्या रविवारी ते चर्चहून आले, कोट काढून खुंटीला लावला, खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि बोटीला ठोकून ऐकायला लागले. टक टक टक — मग मध्येच एखादा बसका आवाज. तिथे खडूनं गोल. आतून थर सुटला आहे, म्हणायचे. असे एकतीस गोल झाले. मी एकूण एक कापून पाहिला. एकोणतीस ठिकाणी आत पोकळ होतं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा पिकत आलेला, वय बाहत्तर — आणि एकतीसपैकी एकोणतीस! मी ऑफिसात आकडेवारीच्या विभागात आहे. आमच्याकडे एवढा अचूक माणूस नाही.

म्हणजे, मी सोडून. असं तिथे सगळे मानतात. बेरीज जुळेना की कागद माझ्या टेबलावर येतो. "कर्णिकजी ने देख लिया? तो बस, हो गया." हे वाक्य मी सव्वीस वर्षं ऐकत आलो. त्याची सवय होते. ती सवय किती वाईट असते, ते मला माहीत नव्हतं.

काम असं होतं. काचेच्या धाग्यांची चटई, तिला मॅट म्हणतात, ती पसरायची आणि ब्रशनं तिच्यात रेझिन जिरवायचं. रेझिन मधासारखं असतं. त्यात हार्डनर मिसळला की दगड होतं. हार्डनर कमी पडला तर मात्र ते धड वाळतच नाही, चिकट राहतं आणि सगळं खरवडून काढावं लागतं. थंडीत किलोमागे वीस मिली लागतो. मिसळायचं आबांनी, लावायचं मी, अशी वाटणी ठरली. पण सिरिंजवरच्या त्या बारीक रेघा त्यांना दिसेनात. मग मी त्यांच्यासाठी युक्ती काढली. किलोचा मग आणला, दहा मिलीची सिरिंज आणली आणि भिंतीवर स्केच पेननं हातभर अक्षरांत लिहिलं — १ मग = २ सिरिंज. रेघा बघायलाच नकोत. पूर्ण भरायची, पूर्ण रिकामी करायची, दोनदा.

चांगली युक्ती होती ना? मलाही फार आवडली होती.

जानेवारीतल्या एका शनिवारी सिरिंज अडकली. हार्डनरनं आतलं रबर फुगतं. मी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेलो. त्याच्याकडे दहाची नव्हती, पाचची होती. घेतली. दुकानाच्या पायरीवरच मनात हिशेब केला — दोनऐवजी चार. घरी गेल्यावर चार्ट बदलायचा. घरी गेलो, पाहुणे आले होते, सिरिंज फळीवर ठेवली — आणि चार्ट बदलला नाही.

तेव्हा लक्षात घ्या, मला ठाऊक नव्हतं असं नाही. गणित चुकलं असंही नाही. गणित बरोबर केलं होतं, भिंतीवर लिहिलं नाही.

रविवारी तळाचा मोठा थर होता. अकरा मग. बाहेर धुकं, हात गारठलेले, वास डोक्यात गेलेला. तिसऱ्या की चौथ्या मगाला आबा म्हणाले, "विवेक, ही जरा बारीक वाटते रे हातात." मी बोटीत ओणवा होतो. मान वर न करता म्हणालो, "आबा, तुम्ही चार्टप्रमाणे टाका, बाकी विचार करू नका." आठव्याला ते पुन्हा म्हणाले. या वेळी मी उत्तरही दिलं नाही.

सोमवारी तळ चिकट होता. थंडी आहे, लागेल वेळ, असं आम्ही दोघंही म्हणालो. ऑफिसात अकराच्या सुमारास कुणीतरी माझ्यापुढे एक तक्ता ठेवला. एकके बदलली होती आणि वरचं शीर्षक जुनंच होतं. मी त्या माणसाला चांगलं सुनावलं. आणि सुनावता सुनावता मला भिंतीवरचा आमचा चार्ट आठवला.

इथपर्यंतची चूक चूकच होती. कुणाच्याही हातून होते. घरी जाऊन "आबा, माझं चुकलं, चार हव्या होत्या," एवढं म्हटलं असतं तर ते हसले असते, आणि खुरानांनी महिनाभर टोमणे मारले असते. बस. मग मी काय केलं?

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसातून परतताना, घरापासून लांबच्या एका केमिस्टकडून, दहा मिलीची नवी सिरिंज विकत घेतली. आबा दुपारचे आडवे होतात त्या वेळी पोहोचता यावं म्हणून अर्धी रजा टाकली. पाचची फळीवरून उचलली, दहाची तिथे ठेवली. तिच्यावर रेझिनचा एक हातही फिरवला, वापरलेली दिसावी म्हणून. पाचची माझ्या कपाटात, जुन्या डायऱ्यांच्या मागे.

घाबरून केलं, असं मला म्हणता येत नाही. घाबरलेला माणूस रजेचा अर्ज लिहीत नाही.

बुधवारीही तळ चिकटच. बोट लावलं की ठसा उठत होता. मेधा बाहेर आली होती, चहा घेऊन. मी आबांना विचारलं — आवाज अगदी मऊ ठेवून विचारलं, ते मला आजही ऐकू येतं — "आबा, प्रत्येक मगाला दोन घातल्या होत्यात ना?"

ते म्हणाले, "घातल्या की." मग थांबले. फळीवरची सिरिंज उचलली, उजेडात धरली. खूप वेळ धरली. "ही तर चांगली मोठी आहे," ते म्हणाले. "मला त्या दिवशी बारीक का वाटत होती?" माझ्याकडे पाहिलं. मी मेधाच्या हातातला चहा घेतला. "एकेकच घातली का रे मी?"

आणि मी म्हणालो, "असू शकतं."

दोन शब्द. माझा गुन्हा मोजायचा तर एवढाच भरतो.

पुढचं सगळं त्या दोन शब्दांतून निघालं. मेधा घाबरली. तिला आधीपासून शंका होती म्हणे, एकदा त्यांनी दूध उतू घालवलं होतं. गॅसची बटणं निघून तिच्या पर्समध्ये गेली. स्कूटरची किल्ली कपाटात गेली आणि सहा महिन्यांनी स्कूटरही गेली. आम्ही त्यांना स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कोई ख़ास बात हुई थी?" मेधानं रेझिनचं सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. मग ते आबांना म्हणाले, सौ में से सात घटाते जाइए. आबा म्हणाले त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर... मग चौसष्ट. तिथे थांबले, आणि परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखे मेधाकडे बघू लागले. वर्कशॉपमध्ये सुतानं माप घेणारा हा माणूस! तो आकडा विसरला नव्हता. त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता, आणि तो मी उडवला होता, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, लक्ष ठेवा. आम्ही लक्ष ठेवलं. बिल्कुल सोडलं नाही.

तळ खरवडायला सहा रविवार लागले. पहिले दोन आबांनी मदत केली, मग येईनासे झाले. त्यांची हत्यारांची पेटी — रंधे, पटाश्या, नोकरीतल्या पहिल्या वर्षी घेतलेला गुण्या — त्यांनी पहाडगंजच्या एका सुताराला देऊन टाकली. मला न विचारता. विचारायचं तरी कशाला? मी नंतर दोनदा शोधायला गेलो. दुकान बंद झालं होतं. ती पेटी परत येणार नाही. बाकी काही ना काही परत येईल कदाचित, पेटी येणार नाही.

बोट मी एकट्यानं पुरी केली. वेळ खूप लागला. कधी कधी वाटायचं, पुरी होऊच नये. घरात खुर्चीचा स्क्रू ढिला झाला तरी आबा म्हणायचे, "तूच बघ बाबा, माझ्या हातून चुकायचं." दर वेळी मी स्क्रू पिळायचो आणि दर वेळी कपाटातली ती सिरिंज आठवायची. फेकली का नाही? माहीत नाही. फेकली असती तर त्या चुकीचा एकमेव साक्षीदार मी उरलो असतो. माझ्यावर मला तेवढा भरवसा नव्हता.

गेल्या रविवारी बोट पाण्यात घातली. सोहन्याच्या बाजूला एका परिचिताचं मोठं तळं आहे, मासे पाळतात. जुनं आठ हॉर्सपॉवरचं इंजिन लावलं होतं. आबांना मी आग्रहानं नेलं. तिथला रखवालदार बोटीवरून हात फिरवत म्हणाला, "वाह बाबूजी, आपने बनाई है?" आबा हसून म्हणाले, "सब दामाद जी ने किया है. मैंने तो बस बिगाड़ा था."

हसून म्हणाले. गंमत म्हणून. चार वर्षांत त्यांनी त्याची गंमतसुद्धा करून टाकली होती.

तळ्याच्या मध्यावर मी इंजिन बंद केलं. पाणी कुठे झिरपतं का बघतो, म्हणालो. ते खोटं होतं, हिशेबात धरा. मग सांगितलं. सिरिंज, चार्ट, रजा, फळी, सगळं. बोलताना मी बोटीच्या तळाकडे बघत होतो. तळ कोरडा होता.

आबांनीही तळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "किती मिलीची होती?"

"पाच."

"आणि ती मोठी?"

"सोमवारी आणून ठेवली. दहाची."

त्यांनी उजवा हात वर केला. अंगठा हवेत हळूच दाबला, सिरिंज दाबावी तसा. पुन्हा दाबला.

"म्हणजे बारीकच होती."

"हो."

"मी म्हणालो होतो."

"दोनदा म्हणाला होतात, आबा."

"दोनदा," ते म्हणाले. मग काठाकडे बघत, मला उद्देशून नव्हे, "शंभर. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बाहत्तर." इथे ते थांबले. "पासष्ट," ते म्हणाले, आणि त्यानंतर थांबलेच नाहीत. अठ्ठावन्न, एक्कावन्न, चव्वेचाळीस, सदतीस, तीस, तेवीस, सोळा, नऊ. "दोन उरतात. तपास."

"बरोबर आहे."

"तुला विचारतोय कोण?" ते म्हणाले. मग उठले. बोट डुचमळली, मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. "सरक तिकडे. चार वर्षांत काही चालवलं नाही मी."

मी सरकलो आणि पुढच्या फळीवर जाऊन बसलो, त्यांच्याकडे पाठ करून. दोन झटक्यांत इंजिन सुरू झालं.