हद्दीपलीकडची मोटार

आई गेली त्या दिवशी आमची मोटार पहिल्यांदा आमच्या दारात आली.

तोवर ती चार-पाच वर्षं आमची होती. पण दारात कधी आली नव्हती. हे सांगितलं की ऐकणारा हसतो. त्या काळीही लोक हसत.

आमचं गाव परंड्याच्या बाजूला, निजामाच्या राज्यात, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या मोगलाईत. बार्शीचा मुलूख इंग्रजांचा. दोन राज्यांच्या मध्ये एक ओढा होता. ओढ्याच्या अलीकडे करोडगिरीचं नाकं, म्हणजे जकातीची चौकी, आणि रस्त्यावर आडवा टाकलेला एक बांबू. आमचं एक रान ओढ्यापलीकडे, इंग्रजी हद्दीत होतं. त्या रानात पत्र्याची शेड बांधून वडिलांनी मोटार ठेवली होती. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू.

असं का, तर मोटार नाक्यावरून आत आणली की तिची नोंद होणार, नोंद झाली की तहसिलीत कळणार, आणि साहेबांचा दौरा निघाला की चपराशी सलाम घेऊन दारात उभा राहणार. साहेबांनी मागितलेल्या वस्तूला नाही म्हणणारा माणूस आमच्या भागात तरी मी पाहिला नाही. शेजारच्या गावच्या एका बागायतदाराचा टांगा असाच दौऱ्याला गेला आणि वर्षभर तहसिलीच्या आवारात राहिला. परत आला तो घोड्याशिवाय. अण्णा म्हणत, "दारात उभी केली की ती पहिल्यांदा तहसीलदाराची. मग पोलिसांच्या अमीनाची. मग अमीनाच्या मेव्हण्याची. आपण राहू पेट्रोल भरायला."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एवढ्या वर्षांनंतरही मला ते चुकीचं म्हणता येत नाही, आणि त्याचाच राग येतो.

तर मोटारीत बसायचं म्हणजे आधी छपराच्या बैलगाडीत बसायचं. दीड-दोन तास धूळ खात नाक्यापर्यंत जायचं. नाक्यावर एक म्हातारा मुसलमान जमादार होता. त्याला सगळं ठाऊक होतं. गाडी दिसली की तो खाटेवरूनच विचारी, "काय मालक, मोटार अजून माहेरातच? सासरी कवा आणता?" अण्णा हसल्यासारखं करत. ओढा ओलांडला की हौदावर हातपाय धुवायचे, उपरण्यानं कपडे झटकायचे, आणि मग मोटारीला हात लावायचा. धुळीचे पाय घेऊन आत बसलेलं त्यांना चालत नसे.

मोटार फार मोठी होती. काळी, लांब, दोन्ही बाजूंना चढायला पायरी, मागच्या बैठकीवर तपकिरी कातडं. मागे बसलं तर पाय लांब करूनही पुढच्या बैठकीला लागत नसत. पुढच्या फळीत एक घड्याळ होतं आणि ते खरंच चालत असे. मी बार्शीला मामांकडे राहून शिकत होते. सुट्टीत जाता-येता अण्णा मला मोटारीतून सोडत. त्यामुळे घरात त्या मोटारीचं सुख अण्णांच्या खालोखाल मलाच मिळालं. मी मागे बसून पुस्तक वाचत असे. रस्ता संपला की वाईट वाटे.

अण्णा मोटार फार छान चालवत. घरात तुटक बोलणारा हा माणूस चाकावर हात ठेवला की बदलून जाई. क्लच इतका अलगद सोडत की मोटार निघाली कधी ते कळत नसे. रस्त्यात शेळ्या आल्या तर भोंगा वाजवत नसत, थांबत. चढ आला की पुटपुटत, "चल बाई, चल, झालंच." हे 'बाई' मी त्यांच्या तोंडून दुसऱ्या कुणासाठी ऐकलं नाही.

लढाईच्या वर्षांत पेट्रोल कुपनावर मिळायला लागलं. मग अण्णा आठवड्यातून एकदाच जात, तेही नुसतं इंजिन चालू करून, पुसून, परत यायला. धुळीनं माखून घरी येत. आई पाय धुवायला पाणी देई आणि विचारी, "बरी हाय का?" जणू पलीकडच्या गावात कुणी आजारी नातेवाईक होतं.

आई त्या मोटारीत दोनदा बसली होती. दोन्ही वेळा मामांकडच्या लग्नाला जाताना. दर खंडेनवमीला ती अण्णांना म्हणे, "एकदा आणा की दारात. मी ओवाळते तिला." अण्णा म्हणत, "पुढच्या वर्षी बघू." मग ते एकटेच हार घेऊन पलीकडे जात. एकदा तिनं मला विचारलं, "काळी म्हणजे अगदी काळी हाय का गं, का निळसर?" मी वाचता वाचता काहीतरी उत्तर दिलं.

संक्रांत होऊन गेली होती. सणाला आलेली मी अजून घरी होते. सकाळपासून आईच्या पोटात दुखत होतं. ती नेहमीप्रमाणे ओवा खाऊन कामाला लागली. जेवणाच्या वेळेला ती चुलीपुढे वाकली ती सरळ होईना. वैद्यबुवा आले, पोटाला हात लावला आणि बाहेर येऊन म्हणाले, "हे माझ्या हातातलं न्हाय. बार्शीला दवाखान्यात न्या. उशीर करू नका."

आमचा जुना गडी ओसरीखाली उभा होता. तो म्हणाला, "मालक, तुमी घोडीवर म्होरं जावा. मोटारच हितं घिऊन या. बाईंला गाडीचे हिसके सोसायचे न्हाईत."

अण्णा उभे होते आणि रस्त्याकडे पाहत होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. ते काय मोजत आहेत हे मला कळत होतं. गड्यालाही कळत असावं.

"गाडी जुंप," अण्णा म्हणाले.

"पर मालक..."

"जुंप म्हणलं ना."

गाडीत गवत पसरलं, त्यावर दोन गाद्या टाकल्या. आईला उचलून ठेवलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी हलायच्या आधी ती मला म्हणाली, "एक तपेलं घे संगं. मोटारीत उलटी झाली तर त्यांना चालायचं न्हाय." मी उतरून तपेलं आणलं.

वाट दगडांची होती. दर दगडाला ती माझा हात दाबी. पुढे दाबेनाशी झाली. अण्णा गाडीबरोबर चालत होते, गाडीच्या कडेला हात लावून, जणू त्यानं हिसका कमी होणार होता. निम्मी वाट झाल्यावर ते म्हणाले, "आता थोडंच राहिलं. मोटारीत बसलं की काही कळणार नाही तुला." ती "व्हय" म्हणाली.

नाक्यावर जमादार उठून गाडीजवळ आला. त्यानं आत डोकावून पाहिलं. त्या दिवशी थट्टा केली नाही.

"मालक," तो म्हणाला, "मोटार हिकडंच आणायची न्हाई का? म्या काय बांबू धरून आडवा आलो असतो व्हय?"

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. जमादारानं बांबू वर केला.

ओढा ओलांडून आमच्या रानात शिरलो. ज्वारी काढणीला आली होती. शेडचे पत्रे उन्हात चमकत होते, मला ते दिसत होते. अण्णा कुलूप काढायला पुढे पळाले. त्यांना पळताना मी तेव्हाच पाहिलं. इंजिनाचा आवाज आला, तेव्हा आई गेलेली होती.

अण्णा मोटार घेऊन बांधापर्यंत आले, उतरले, गाडीत पाहिलं आणि तसेच उभे राहिले. इंजिन चालूच होतं. मग त्यांनी तिला उचललं आणि मागच्या बैठकीवर ठेवलं. तिच्या पायांना धूळ होती. मी तिच्याजवळ बसले. त्यांनी मोटार बार्शीकडे न वळवता गावाकडे वळवली.

जमादारानं लांबूनच बांबू वर करून ठेवला होता. मोटार थांबली नाही, कुणी काही विचारलं नाही, कसली नोंद झाली नाही. "जाव मालक, जाव," एवढंच तो म्हणाला आणि ओठांतल्या ओठांत त्याच्या दुवेचे शब्द म्हणत राहिला. ती वाट दगडांचीच होती, पण आत काही कळत नव्हतं. अण्णांनी सांगितलं होतं ते खरं होतं.

मोटार दारात उभी राहिली. दुखवट्याला आलेल्या बायका मला जवळ घेऊन रडत आणि जाताना मोटारीला हात लावून पाहत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी तसली वस्तू पाहिली नव्हती.

तेरावं झालं आणि चपराशी आला. सलाम करून म्हणाला, "दुखवट्याच्या घरात इचारू न्हाई, पर साहेबांला भूमला जायचंय. मोटार मिळाली तर बरं हुईल."

मला वाटलं, अण्णा आज तरी नाही म्हणतील. ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते राखतील. "न्या," अण्णा म्हणाले. त्यांनी स्वतः जाऊन तहसिलीच्या ड्रायव्हरला मोटार दाखवली. क्लच हळू सोडा, चढाला घाई करू नका, सकाळी हँडल मारल्यावर थोडा वेळ द्या. त्या तेरा दिवसांत ते माझ्याशी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या ड्रायव्हरशी बोलले.

त्या रात्री जेवताना मी विचारलं, "घोडीवर गेला असता तर किती वेळ लागला असता?"

"ती वाचणारी नव्हती. वैद्यबुवांना विचार."

"मी वाचण्याचं विचारत नाही."

ते ताटावरून उठले. पुन्हा हा विषय आमच्यात निघाला नाही. ते पुढं बरीच वर्षं जगले.

मोटार जात राहिली, येत राहिली. दरवेळी तिचं काहीतरी कमी होई. एकदा घड्याळ, एकदा मागच्या बैठकीचं कातडं. मग रझाकारांच्या दिवसांत काही लोक आले आणि ती घेऊन गेले, ती आली नाही. राज्य बदलल्यावर कुणी सांगितलं की कुर्डुवाडीच्या रस्त्याला तिचा सांगाडा पडला आहे. अण्णा बघायला गेले नाहीत. मी शिक्षिका झाले, लग्न केलं नाही, त्यांच्याजवळ राहिले. त्यांना वेळेवर जेवायला वाढलं. जास्त बोलले नाही.

नाकं गेलं, बांबू गेला. जमादार त्याआधीच गेला होता. त्याच रस्त्यानं मी एस.टी.नं बार्शीला जाते. ओढा कधी मागे पडतो ते पुस्तकातून डोकं वर काढेपर्यंत कळत नाही.

घरात मोटारीचा एक फोटो आहे. अण्णा पायरीवर एक पाय ठेवून उभे आहेत. आईचा फोटो नाही.