कडब्याच्या गंजीतली फुली

लेकीला इंग्रजी शिकवताना आज 'नीडल इन अ हेस्टॅक' आलं. गवताच्या गंजीत सुई शोधणं, म्हणजे जवळजवळ अशक्य काम, असं मी सांगितलं आणि एकदम चकलांब्याच्या आमच्या शेतातला कडब्याचा गोडसर वास आला.

कडबा रचताना आईच्या नाकातली फुली गंजीत पडली होती. तिच्या वारलेल्या आईची तेवढीच खूण तिच्यापाशी होती.

"आता न्हाई सापडायची," वडील म्हणाले.

"कावून? गंजीतच हाय की," म्हणत आई एकेक पेंढी उचलून झटकू लागली. तेव्हा मला ती नुसती हट्टी वाटली. दिवस कलताना तिच्या धुळकट तळव्यावर फुली लखलखली.

वडील तिच्याकडे बघतच राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "तू बस. गंजी मी रचतो."